शिशाच्या माळावरची वाट

केल्डहोपमध्ये कुणी नवीन राहायला आलं की आम्ही त्याला दोन गोष्टी सांगायचो. माळावर गोल दगडी कुंपण दिसलं तर आत खाणीची जुनी विहीर असते, पाय टाकू नको, आणि रोवीना पियर्टसमोर जॉस नॅट्रसचं नाव काढू नको. दुसरी गोष्ट आता सांगावी लागत नाही. असं का, ते सांगते.

रोवीना माझी शेजारीण. आमच्या दोन घरांमधली भिंत एकच आहे, त्यामुळे तिची किटली कधी शिट्टी मारते तेसुद्धा मला कळतं. तिने जन्मभर आमच्या खोऱ्यातली शाळेची बस चालवली. उंच, हाडापेराने मजबूत, आणि बसच्या शेवटच्या बाकावर ऐकू जाईल असा आवाज. नवरा डेनिस कधीचाच तिला सोडून डार्लिंग्टनला दुसऱ्या बाईकडे राहायला गेला. मूलबाळ नाही. निवृत्त झाल्यावर तिला चालायचा नाद लागला. पाठीवर पिशवी, पिशवीत चहाचा थर्मास आणि चीज-लोणच्याचं सँडविच, की निघाली माळावर. ऊन असो, धुकं असो.

भांडण होतं वाटेचं. गावाच्या मागून चढ चढत, हाय स्केअर्स नावाच्या शेताच्या अंगणाला खेटून, माळ ओलांडून पलीकडच्या खोऱ्यात उतरणारी एक पायवाट आहे. शिशाच्या खाणी चालू होत्या तेव्हा आमचे पणजे-खापरपणजे त्याच वाटेने कामाला जायचे. खाणी बंद पडल्या, निम्मं गाव कोळशाच्या खाणींकडे नाहीतर परदेशी गेलं, वाट तेवढी राहिली. हाय स्केअर्स जॉस नॅट्रसचं. जॉस मेंढपाळ, बापजाद्यांपासून तिथलाच. त्याचं म्हणणं असं की चालायला येणारे लोक फाटकं उघडी टाकतात आणि त्यांची कुत्री गाभण मेंढ्यांच्या मागे लागतात. ते खोटं नव्हतं. एका वसंतात कुणा पाहुण्याच्या कुत्र्याने त्याच्या मेंढ्या फाडल्या होत्या. त्यानंतर त्याने फाटक तारेने घट्ट बांधून टाकलं आणि ‘बैल मोकळा आहे’ अशी पाटी लावली. बैल त्याच्याकडे कधीच नव्हता.

रोवीनाने पक्कड विकत आणली. ती जायची, तार तोडायची, फाटकातून पलीकडे व्हायची, आणि फाटक नीट लावून पुढे जायची. जॉस संध्याकाळी येऊन नवी तार बांधायचा. हे वर्षानुवर्षं चाललं. शेवटी प्रकरण परगण्याच्या कचेरीत गेलं, आणि तिकडून एक माणूस लोकांचं ऐकून घ्यायला आमच्या चॅपलच्या हॉलमध्ये आला. सगळं गाव जमलं होतं. रोवीना उठून म्हणाली की जॉसचा खापरपणजा याच वाटेने चालत खाणीत गेला, आणि याला ती बंद करायला लाज वाटत नाही. जॉस बसल्या जागेवरून म्हणाला, “बसवालीला वाटांची फार काळजी. तिच्या नवऱ्याला मात्र गावातून बाहेर पडायची वाट पाटी न लावताच सापडली.”

काही जण हसले. रोवीना खाली बसली आणि त्या सभेत पुन्हा बोलली नाही. दोघं एकाच शाळेत शिकलेली, एकाच वर्गातली. पण त्या दिवसापासून तिने जॉसशी एक शब्द बोलायचा नाही असं ठरवलं आणि ते पाळलं. दुकानात तो समोर आला तर ती टोपलीतलं सामान तिथेच ठेवून बाहेर पडायची.

ऑक्टोबरातली गोष्ट. सकाळी आभाळ स्वच्छ होतं. रोवीना दुपारचं जेवून निघाली, फाटकाची तार तोडली आणि माळावर चढली. हेदरच्या झुडपांचा जांभळा रंग तोवर उतरून तांबूस तपकिरी झालेला असतो, आणि त्याच्या मधेमधे खाणीच्या राडारोड्याचे उघडे ढिगारे दिसतात. त्यांच्यावर अजून गवत उगवत नाही. ती शिसं वितळवायच्या जुन्या भट्टीच्या धुरांड्यापर्यंत पोचली असेल नसेल, पश्चिमेकडून धुकं आलं. आमच्याकडे धुकं येतं ते सावकाश येत नाही. बघता बघता धुरांडं गेलं, मग माळाची दगडी भिंत गेली, मग तिला आपल्या बुटांपुढचं हेदर तेवढं दिसायला लागलं. घाबरण्यासारखं काही नव्हतं. वाट तिच्या पायांना पाठ होती. ती मागे वळली.

तेवढ्यात कुत्रं भुंकायला लागलं.

तिने आवाज ओळखला. जॉसची मेंढ्या वळवणारी कुत्री, जिप. तिला पहिल्यांदा वाटलं, याने आता आपल्या अंगावर कुत्रं सोडलं. ती थांबली, हातातली काठी उलटी धरली. पण भुंकणं जवळ येईना. एकाच जागेवरून यायचं, थांबायचं, मग पुन्हा. मेंढ्या वळवताना कुत्रं असं भुंकत नाही. रोवीना मला नंतर म्हणाली की ती खरं म्हणजे चार पावलं खाली उतरली होती. मग तिच्याच्याने पुढे जाववेना. ती वाट सोडून आवाजाच्या दिशेने निघाली. मेंढ्यांची पायवाट होती तेवढ्यावरच पाय ठेवत, काठी पुढे टोचत.

आधी भिंतीच्या कडेला जॉसची ट्रॉली दिसली. तिच्यावर मेंढ्या कोंडायला वापरतात तसली ॲल्युमिनियमची हलकी फाटकं रचलेली. थोडं पुढे, खाणीतून माल वर ओढायचं यंत्र जिथे असायचं त्या खोलीचा एक दगडी खांब, बाकी सगळं पडून गेलेलं. आणि त्याच्यापुढे जॉसची चारचाकी बाइक, शेपूट वर आणि तोंड जमिनीत गेलेली. जिप तिच्या बाजूला पोटावर पडून भुंकत होती आणि पुढे सरकत नव्हती.

रोवीना आणखी दोन पावलं गेली तेव्हा तिला खड्डा दिसला. खाणीची जुनी उभी विहीर. खाण बंद करताना कुणीतरी तोंडावर रेल्वेचे लाकडी स्लीपर टाकून वर माती लोटली होती. त्यावर गवत आलं, हेदर आलं, कुणाच्या लक्षातही राहिलं नाही. लाकूड आतून कुजत गेलं. बाइकची पुढची चाकं विहिरीवर अधांतरी होती, पोट एका तुटक्या स्लीपरच्या टोकावर टेकलेलं होतं आणि मागची चाकं गवतावर. पेट्रोलचा वास येत होता.

ती खाली पोटावर झोपली आणि हाक मारली, “आत कोणी आहे का?”

आतून आवाज आला. “कोण आहे?”

“मी आहे. रोवीना.”

मग जॉस म्हणाला, “दुसरं कोणी नाही का बरोबर?”

“नाही.”

“मग तूच ऐक आता,” तो म्हणाला.

तो बाइकवरून पुढे फेकला जाऊन आत पडला होता. दोन माणसं एकावर एक उभी राहतील इतक्या खाली, माती, दगड आणि कुजकी लाकडं आडवी अडकून जो कच्चा माळा तयार झाला होता त्यावर तो पडलेला होता. उजवा पाय मांडीपासून हलत नव्हता. डावा हात मनगटात मोडला असावा. मोबाइल पडला तो गेलाच. त्याच्या बाजूने खडे सुटायचे आणि पाण्यात पडल्याचा आवाज पुष्कळ उशिरा यायचा. तो आवाज रोवीनालाही ऐकू येत होता. जॉस हे सगळं शांतपणे सांगत होता, आणि तेच तिला जास्त भयंकर वाटलं. हा माणूस साध्या गोष्टीवर ओरडणारा.

तिने आपला मोबाइल पाहिला. सिग्नल नव्हता. तिथे तो कधीच नसतो; वर, शिखराजवळच्या दगडांच्या राशीपाशी जावं लागतं. तिने तसं सांगितलं. जॉस म्हणाला की वर जा, पण ही बाइक सरकते आहे. मघापासून दोनदा सरकली. ती खाली आली तर तू कुणाला घेऊन येशील त्याला मी जिवंत सापडणार नाही.

रोवीनाने जन्मभर उतारावर गाडी उभी केली होती. तिने बाइककडे नीट पाहिलं. सगळा भार त्या एका कुजक्या स्लीपरवर होता. मागच्या कॅरियरला पेटी होती, पेटीत दोर असणार. जॉसला विचारलं. तो म्हणाला, आहे, निळा दोर आहे, लांब आहे. पण पेटीला हात लावायचा तर खड्ड्याच्या अगदी काठावर जायला हवं.

ती उठली आणि ट्रॉलीवरची दोन फाटकं एकामागून एक ओढत आणली. ती जमिनीवर आडवी टाकून त्यांच्यावर पालथी पडली, भार पसरावा म्हणून, आणि कोपरांवर पुढे सरकत गेली. फाटकाखालची जमीन पिठाच्या पोत्यासारखी दबत होती. पेटीचं झाकण गंजून बसलेलं. तिने ते खेचलं तशी बाइक करकरली आणि खालून जॉस म्हणाला, “हळू.”

ती तशीच निपचित पडून राहिली, गाल फाटकाच्या थंड पट्टीला लावून. मग एका बोटाने झाकण थोडं उचललं, पुन्हा थोडं उचललं, आणि आत हात घालून दोराचं भेंडोळं इंचाइंचाने बाहेर काढलं. दोराचं एक टोक बाइकच्या मागच्या, ट्रॉली ओढायच्या हुकाला बांधलं आणि तशीच सरपटत मागे आली. दुसरीकडून दोर दगडी खांबाभोवती दोनदा गुंडाळला, ताणला, पक्की गाठ मारली. मग उरलेला दोर पक्कडीने तोडला.

“कशाने तोडलास?” जॉसने विचारलं. त्याला आवाज ओळखू आला होता.

“पक्कडीने.”

ती म्हणाली, “तुझ्या फाटकासाठी घेतली होती. पैसे वसूल झाले.”

खालून हसल्यासारखा आवाज आला आणि लगेच कण्हण्यात विरला.

उरलेल्या दोराला तिने वरच एक मोठा फास करून घेतला, घट्ट होणार नाही अशा गाठीचा. विहिरीची एक बाजू अजून दगडांनी बांधलेली शाबूत होती. त्या बाजूने फाटक टाकून ती पुढे सरकली, काठावर दोर कापला जाऊ नये म्हणून आपली पिशवी दोराखाली घातली आणि फास खाली सोडला. जॉसला एकाच हाताने तो डोक्यावरून घालून दोन्ही काखांत आणायचा होता. तिला त्याचं डोकं दिसत होतं, पांढुरकं, मातीने माखलेलं. मोडका हात फासातून जाताना तो लहान मुलासारखा कळवळला. त्याच्या त्या धडपडीने माळ्यातला एक मोठा दगड सुटला. दोघंही पाण्याचा आवाज येईपर्यंत श्वास धरून राहिली.

फास बसला. तिने दोराचं दुसरं टोक त्याच खांबाला ताणून बांधलं. मग आपलं जाकीट आणि चहाचा थर्मास दोरीच्या तुकड्याने खाली सोडला, आणि आपण निघतो म्हणून सांगितलं.

तेव्हा जॉस म्हणाला, “थांब.”

“मी थांबले तर आपण दोघं इथेच राहू.”

“माहीत आहे मला. आयरीनला सांग की...”

“काही सांगणार नाही मी,” रोवीना म्हणाली. “तुझी बायको आहे, तुझं तू सांग. मी टपाल वाटत नाही.”

त्याने पुन्हा हाक मारली तेव्हा ती निघाली होती. जिपला तिने तिथेच बसायला सांगितलं. कुत्रं बसलं.

वर जायला खरं तर फार वेळ लागत नाही. पण त्या धुक्यात तिला एकेक पाऊल मोजल्यासारखं टाकावं लागलं. एक विहीर अशी निघाली, तर आणखी किती असतील? इतकी वर्षं आपण ज्या जमिनीवर बिनघोर चाललो ती आतून पोकळ आहे, हे तिला ऐकून माहीत होतं. आज पायांना कळलं. काठी टोचायची, थांबायची, पाय ठेवायची. एकदा काठी मुठीपर्यंत आत गेली. ती नुसती काळ्या मातीची दलदल होती, पण ती हेदरमध्ये बसून राहिली. मला म्हणाली, तेव्हा मी स्वतःला बसमधल्या पोरांवर ओरडायचे तशी मोठ्याने ओरडले, की ऊठ, पुढे सरक, दारात उभी राहू नको.

दगडांच्या राशीपाशी फोन लागला. पलीकडच्या मुलीचा आवाज तरुण आणि शांत होता. रोवीनाने जागा सांगितली, विहिरीचं, बाइकचं, दोराचं सांगितलं. मुलगी म्हणाली की डोंगर-बचाव पथक निघतं आहे, धुक्यामुळे हेलिकॉप्टर येणार नाही, आणि मॅडम, तुम्ही आहात तिथेच थांबा. तुमच्याशी संपर्क राहायला हवा. रोवीनाने तिला सांगितलं की हाय स्केअर्सच्या अंगणातून वाट येते, फाटक उघडं आहे, कुत्र्याच्या आवाजाकडे या. आणि फोन बंद करून ती खाली निघाली.

अर्ध्या उतारावर असताना तो आवाज झाला. मोठा नव्हता. कोणीतरी घरात जड कपाट सरकवावं तसा, जमिनीखालून. मग पाण्याचा. जिप एकदा भुंकली आणि गप्प झाली.

रोवीना पळाली. काठीही टाकून दिली. खांबापाशी आली तर खड्डा मोठा झालेला, तिने टाकलेलं एक फाटक अर्धं आत लोंबकळत होतं. बाइकचं तोंड आणखी खाली गेलं होतं, पण तिला बांधलेला दोर तटतटून धरून होता. दुसरा दोरही ताठ झालेला, खांबापासून काठापर्यंत सरळ रेष. तिने हाका मारल्या. उत्तर नाही. काठावर जायची सोयच उरली नव्हती. तिने दोरावर तळहात ठेवला. दोराला वजन होतं. पण वजन तर मेलेल्या माणसालाही असतं.

तिने दोर हलकेच ओढून सोडला. काही नाही. पुन्हा ओढला. मग तिच्या तळहाताखाली दोर बारीकसा हलला. एकदा, आणि थांबून पुन्हा एकदा.

“जॉस, बोल.”

“बोलू कसा,” खालून घुसमटलेला आवाज आला. “छाती आवळली आहे.”

माळा सगळाच पाण्यात गेला होता. तो फासात लटकत होता. विहिरीच्या भिंतीत चढ-उतारासाठी ठोकलेला एक जुना वासा त्याच्या डाव्या पायाला सापडला होता. तेवढ्यावर तो आपला भार अधूनमधून टाकत होता. पण पायात ताकद उरली नव्हती, आणि पाय सुटला की फास छातीत रुतायचा.

रोवीनाला त्याला वर ओढून काढणं शक्य नव्हतं. पण तो पायावर जोर देऊन क्षणभर वर उचलला जाई, तेवढ्या क्षणात सैल पडलेला दोर खांबाभोवती घेऊन धरणं तिला जमण्यासारखं होतं. तिने त्याला तसं सांगितलं. मी म्हणेन तेव्हा पायाने जोर कर. गाठ तिने सोडली, वेढे मात्र खांबाभोवती तसेच ठेवले, पाय दगडाला लावून मागे रेलून बसली आणि म्हणाली, “आता.”

तो कण्हत वर सरकला. तिने वीतभर दोर घेतला. पुन्हा. या वेळी चार बोटं. पुन्हा; काहीच नाही. तो म्हणाला, आता होत नाही. ती म्हणाली, होतं. तो शिव्या देऊ लागला. तिला, तिच्या बसला, परगण्याच्या कचेरीला, चालायला येणाऱ्या तमाम लोकांना. ती म्हणाली, शिव्या दे, पण पायाने जोर करून दे. निळ्या दोराने तिचे तळहात सोलून निघाले होते. दोर हाताला चिकटत होता आणि तो कशाने ओला आहे ते तिने पाहिलं नाही.

असं करत करत त्याची कंबर एका पुढे आलेल्या दगडापर्यंत आली. त्यावर तो थोडा टेकू शकला. तिने दोर बांधून टाकला. दोघंही धापा टाकत होती. वरून तो दिसत नव्हता, पण आता त्याचा श्वाससुद्धा ऐकू येत होता.

मग तो म्हणाला, “त्या दिवशी हॉलमध्ये मी जे बोललो...”

“आत्ता नको,” रोवीना म्हणाली. “तेव्हा चारचौघांत म्हणालास. हेही चारचौघांत म्हण.”

“आणि वर आलोच नाही तर?”

“मग ऋण घेऊन जा.”

पण ती त्याला गप्प बसू देईना. त्याच्या मुलांपैकी कोण बसमध्ये ओकायचं, कोण मागच्या बाकावर सिगारेट ओढायचं, सगळं तिने काढलं. थोरल्याने एकदा डब्यातून जिवंत बेडूक आणून ड्रायव्हरच्या सीटखाली सोडला होता. ती म्हणाली, बेडूक तुझ्याच सांगण्यावरून आणला असणार. तो म्हणाला, नाही, ती आयरीनची कल्पना. मधेच त्याची उत्तरं तुटायला लागली. तो शाळेतल्या मास्तरांशी बोलल्यासारखं काहीतरी बोलायला लागला. रोवीना त्याच्या नावाने हाका मारत राहिली. उजेड कमी होत चालला होता.

जिप उठून उभी राहिली आणि खालच्या बाजूला तोंड करून भुंकू लागली. मग धुक्यात दिवे दिसले.

पथकातली माणसं आमच्याच खोऱ्यातली. कुणी सुतार, कुणी दवाखान्यातली नर्स. त्यांनी तिला बाजूला बसवलं, अंगाभोवती चांदीसारखा चकाकणारा कागद गुंडाळला. त्यांनी शिडी आडवी टाकली, दोर सोडायला तिवई उभी केली, एक मुलगी आत उतरली. रोवीनाला त्यातलं फार काही आठवत नाही. तिला एवढंच आठवतं की तिच्या मुठी उघडत नव्हत्या. नर्सने एकेक बोट सोडवलं.

स्ट्रेचर वर आलं तेव्हा जॉसचा चेहरा मेणासारखा होता. सगळी भोवती जमली. त्याने डोळे उघडले, माणसं पाहिली, आणि तोंडावरचा मास्क एका हाताने बाजूला केला. नर्स नको नको म्हणत होती.

“रोवीनाच्या नवऱ्याबद्दल मी बोललो ते घाण बोललो,” तो म्हणाला. “तुम्ही सगळे साक्षीदार.”

रोवीना म्हणाली, “ऐकू नाही आलं.”

त्याने ते पुन्हा म्हटलं. मग मास्क घातला आणि त्याला खाली नेलं.

आता इथे गोष्ट संपायला हवी असं पुष्कळांना वाटतं. हॉटेलात कुणी ती सांगितली की इथेच थांबतात. पण मी शेजारीण आहे, मला पुढचं माहीत आहे.

जॉसच्या मांडीत सळी घातली, तो हिवाळाभर न्यूकॅसलच्या इस्पितळात नाहीतर घरी बिछान्यावर होता. आयरीन एकटी पडली. मुलं दूर, बर्फ पडलेला, मेंढ्यांना वैरण पोचवायची. रोवीना तळहातांवरच्या पट्ट्या निघाल्या तशी रोज सकाळी हाय स्केअर्सला जायला लागली. दुसरी बाइक उसनी आणली होती ती तीच चालवायची, आयरीन मागे वैरणीच्या गासड्यांवर बसायची. फाटकाला तार नव्हती. पण रोवीना कुंपणाच्या भिंतीपलीकडे जात नसे. वैरण भिंतीच्या अलीकडेच टाकायची. आयरीनला वाटलं, थंडीमुळे. मला माहीत होतं. रात्री आमच्या घरांमधल्या भिंतीपलीकडून मला तिचं ओरडणं ऐकू यायचं, ‘आता, आता’ असं. सकाळी मी विचारलं की म्हणायची, काही नाही, स्वप्न.

वसंतात जॉस काठी घेऊन हिंडू लागला. आणि त्याने काय केलं, तर कचेरीला कळवलं की वाट कायमची बंद करा, तिच्यापासून दगड फेकला तर पडेल इतक्या अंतरावर विहीर निघाली आहे, उद्या एखादं पोर मरेल. रोवीना भडकेल अशी मी वाट पाहत होते. ती भडकली नाही. किटली भरत म्हणाली, “बरोबर आहे त्याचं. बंद होऊ दे.”

मला ते बरं वाटलं नाही. मी हाय स्केअर्सला गेले आणि जॉसला सांगितलं, तिची स्वप्नं, भिंत, सगळं. तिने मला अजून माफ केलेलं नाही, पण ते असो.

दुसऱ्या दिवशी जॉस तिच्या दारात उभा राहिला. त्याच्या एका हातात काठी, दुसऱ्यात लांब लोखंडी सळई. म्हणाला की कचेरीचा माणूस विचारतो आहे, वाट बंद न करता वरच्या बाजूने वळवता येईल का. पण आधी जमीन तपासायला हवी, आणि एकट्याने जायला आयरीन सोडत नाही. रोवीना म्हणाली, मला वेळ नाही. तो म्हणाला, “बसवाली, मी लंगडा माणूस इथवर चालत आलोय. बूट घाल.”

मीही त्यांच्या मागून गेले, थोडं अंतर ठेवून. अंगणातून, फाटकातून, चढावरून भिंतीपर्यंत ती ठीक चालली. भिंतीवरच्या दगडी पायऱ्या चढली, आणि वर जाऊन थांबली. पलीकडे नुसता माळ, स्वच्छ ऊन, टिटव्यांसारखे ते रानपक्षी ओरडत होते. ती पाय खाली टाकेना. मला वाटलं आता वळेल.

जॉस मोठ्या कष्टाने पलीकडे उतरला होता. त्याने वर पाहिलं नाही, समजूत घातली नाही. त्याने सळई जमिनीत खुपसली, तिच्यावर भार देऊन पाहिलं, एक पाऊल टाकलं. पुन्हा खुपसली, पुन्हा पाऊल.

“घट्ट आहे,” तो पाठमोराच म्हणाला. पुन्हा एक पाऊल. “हेही घट्ट आहे.”

तो असा दहाएक पावलं गेला असेल. तेव्हा रोवीना खाली उतरली आणि त्याने जिथे पाय ठेवला होता बरोबर तिथेच आपला पाय ठेवला. मग पुढचा. अशी ती बरीच पावलं गेली. मग मला तिचा आवाज ऐकू आला, पहिल्यासारखा, शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा. ती त्याला सांगत होती की या वेगाने पलीकडचं खोरं गाठायला नाताळ उजाडेल, आणि सळई इकडे दे.

त्याने दिली नाही. ती दोघं तशीच वाद घालत वर गेली, आणि मी खाली येऊन आयरीनला चहा टाकायला सांगितला.